प्रवासापुरतं जपानी : तुमचे अनुभव लिहा

गेल्या नोव्हेंबरात आम्ही दोघं बारा दिवस जपानला जाऊन आलो. आल्यापासून कुणी ना कुणी विचारतंच, ‘इंग्रजीवर भागतं का?’ मोठ्या हॉटेलांत आणि मोठ्या स्टेशनांवर भागतं. पण गल्लीतल्या सहा खुर्च्यांच्या उडोनच्या (रश्शातल्या जाड शेवयांच्या) दुकानात किंवा गावाकडच्या बसमध्ये आपण चार शब्द त्यांच्या भाषेत बोललो, की समोरचा माणूस खुलतो. म्हणून हा धागा. प्रवासापुरतं शिकलेल्यांनी जरूर लिहा. काय शिकलात, कसं शिकलात आणि तिथे नेमकं काय कामी आलं?

सुरुवात मी करते. पहिले दोन आठवडे रोमन लिपीतून शब्द पाठ केले, ते वाया गेले. मग वही देवनागरीत घातली आणि गाडी रुळावर आली. रोमनमध्ये ‘त्सु’सारखा लिहितात तो उच्चार म्हणजे आपल्या ‘चूल’मधला चू, फक्त आखूड. ‘मिझु’ म्हणजे पाणी, त्यातला झु आपल्या ‘जुना’मधल्या जुच्या अगदी जवळचा. क्लासमधल्या हिंदी भाषक मैत्रिणीला हे घोटावे लागले, मला आयते मिळाले. क्रियापद आपल्यासारखंच शेवटी आणि प्रत्यय नामाच्या मागे. ‘क्योतो नि इकिमासु’, क्योतोला जाते. नि म्हणजे आपला ला. प्रश्न विचारायचा तर वाक्याच्या शेवटी ‘का’. ‘होन्तो देसु का?’ म्हणजे ‘खरं का?’ हे कळलं त्या दिवशी भाषेची भीती गेली.

* * *

शाकाहारी मंडळींसाठी लिहिते. निकु म्हणजे मांस, साकाना म्हणजे मासे, ताबेमासेन म्हणजे खात नाही. ‘निकु तो साकाना वा ताबेमासेन’ हे वाक्य मी विमानात बसेपर्यंत तोंडपाठ केलं होतं. ओसाकात पहिल्याच दुपारी ते म्हटलं. काउंटरपलीकडच्या बाईंनी मान डोलावली आणि वर पातीचा कांदा भुरभुरलेला, वाफाळता उडोन समोर ठेवला. पहिल्याच घोटाला वास आला. रत्नागिरीत आमच्या शेजारी सुकट भाजायचे, तसा पुसटसा.

तो वास दाशिचा. कात्सुओ नावाचा मासा उकडून, धुरी देऊन, लाकडासारखा कडक होईपर्यंत वाळवतात. मग त्याचे पापुद्रे काढून त्यांचा जो अर्क उतरवतात, तो तिथल्या बहुतेक रश्शांचा पाया असतो. बाईंनी मला फसवलं नव्हतं. वाटीत माशाचा तुकडा नाही, म्हणजे मासा नाही, असा त्यांचा सरळ हिशेब. वाक्य माझंच अपुरं होतं. त्या रात्री नवं वाक्य वहीत लिहिलं : ‘दाशि नि साकाना वा हाइत्तेइमासु का?’ दाशिमध्ये मासा आहे का? उत्तरात नुसतं ‘कोन्बु’ ऐकू आलं, ‘कात्सुओ’ नाही, तर निश्चिंत व्हा, ते समुद्री शेवाळ. हॅम आणि बेकन ‘निकु’मध्ये येतं असं सगळ्यांना वाटत नाही, म्हणून ‘हामु’, ‘बेकोन’ वेगळं सांगा. आणि ‘निन्निकु’ ऐकून दचकू नका, तो लसूण!

* * *

वेळ कमी असेल तर काताकाना ही लिपी आधी शिका. हिरागाना या दुसऱ्या लिपीसारखीच यातही मूळ अक्षरं ४६. पण परक्या भाषांतून आलेले शब्द याच लिपीत लिहितात, त्यामुळे अक्षर लागलं की अर्थही बहुधा लागतोच. कोही, होतेरु, ताकुशी, तोइरे. मला तीन आठवडे लागले, रोज लोकलमध्ये ठाणे ते दादर.

* * *

माझं वय अडुसष्ट. मुलगा तोक्योत निशी-कासाईला राहतो, तिथे आपले लोक बरेच आहेत. सूनबाईला बाळ व्हायचं होतं म्हणून तीन महिने राहिले. दिवसभर घरात कोण बसणार? शब्द भाजीच्या दुकानात शिकले. नासु म्हणजे वांगं, शोगा म्हणजे आलं, दाइकोन म्हणजे मुळा, होरेन्सो म्हणजे पालक. बोटाने वस्तू दाखवून ‘फुतात्सु कुदासाइ’ म्हटलं की दोन मिळतात.

एक मात्र जपा. आपण बोलताना ऱ्हस्व-दीर्घ फारसं पाळत नाही, तिथे त्याने अर्थ बदलतो. ओबासान म्हणजे काकू, ओबाआसान म्हणजे आजी. दुकानातल्या बाईंना आपल्याकडच्या सवयीने काकू म्हणायला गेले आणि आ लांबला. त्या माझ्याहून वीस वर्षांनी तरी लहान असतील. त्या हसल्या, पण मला मनापासून वाईट वाटलं. मुलगा म्हणाला, ‘आई, इथे अनोळखी बाईला काकू-मावशी नाही म्हणत, सुमिमासेन म्हण.’ म्हणजे ‘माफ करा’. हाक मारायला तेच, गर्दीतून वाट काढायला तेच, कुणी मदत केली तर आभारालाही तेच. निघायच्या आदल्या दिवशी त्या बाईंनी पिशवीत दोन काकड्या जास्तीच्या घातल्या आणि ‘क्यूरि’ म्हणून माझ्याकडून दोनदा म्हणून घेतलं.

* * *

आमच्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. तिथला शब्द आरेरुगी. तो जर्मनमधून गेलाय, म्हणून ‘ग’. ‘पीनात्सु आरेरुगी देसु’ हे आम्ही तिघांनीही पाठ केलं, मुलानेसुद्धा. तरी एवढ्या गंभीर गोष्टीत आपल्या उच्चारावर विसंबू नका. जपानी येणाऱ्या माणसाकडून स्वच्छ अक्षरात कार्ड लिहून घ्या आणि प्रत्येक जेवणाआधी दाखवा. फुकुओकात एका स्वयंपाक्याने कार्ड वाचून सॉसची बाटली बाहेर आणली, मागची चिठ्ठी बोट ठेवून आम्हाला दाखवली आणि मगच तवा तापवला. रुग्णवाहिकेचा नंबर ११९, तोही कार्डावर असू द्या.

* * *

मी प्रश्न शिकलो, उत्तरं शिकायची राहिली. ‘दोको देसु का’, म्हणजे ‘कुठे आहे?’, सफाईदार विचारलं, की समोरचा त्याच सफाईने अर्धा मिनिट बोलतो! म्हणून मिगि (उजवीकडे), हिदारि (डावीकडे), मास्सुगु (सरळ) हे तीन शब्द आधी कानात बसवा. दुकानातही तेच. डबा घेतला की ‘आतातामेमासु का’, म्हणजे गरम करू का? मग ‘फुकुरो’, म्हणजे पिशवी हवी का? प्लॅस्टिकच्या पिशवीला जुलै २०२० पासून पैसे पडतात. नको असेल तर ‘दाइजोबु देसु’ म्हणून हात जरा हलवायचा.

* * *

वर शाकाहाराबद्दल लिहिलंय, त्यांना कोयासान सुचवतो. ओसाकाच्या नाम्बाहून रेल्वे आणि शेवटी केबल कार. कूकाई या भिक्षूने इसवी सन ८१६ मध्ये वसवलेलं हे ठिकाण. देवळात मुक्काम करता येतो, जेवण शोजिन र्‍योरी, म्हणजे मांस-मासे वर्ज्य, दाशिसुद्धा वनस्पतींचं.

पण मला लिहायचंय ते अक्षरांबद्दल. काना (म्हणजे हिरागाना आणि काताकाना) शिकताना ओळी पाठ केल्या होत्या : आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. स्वर आधी, मग कंठापासून ओठांपर्यंत, शेवटी य-र-व. ही आपल्या वर्णमालेची शिस्त इथे कशी, असं वाटायचं. ती बौद्ध भिक्षूंबरोबर सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीतून आली. कोयासानच्याच ओकुनोइन या दफनभूमीत, उंच सूचिपर्णी झाडांखाली, पाच दगड एकावर एक रचलेली स्मारकं आहेत. प्रत्येक दगडावर एक सिद्धम् अक्षर. शेवाळ चढलेलं, मला एकही धड लागेना. जवळच एक वृद्ध भिक्षू झाडत होते. ‘सुमिमासेन, कोरे वा नान देसु का?’ हे काय आहे?

त्यांनी झाडू टेकवून ठेवला आणि वरून खाली एकेका दगडाला हात लावत म्हटलं, ‘क्या, का, रा, बा, आ.’ मग आभाळाकडे बोट, वाऱ्यासारखा हात, आणि ‘हि, मिझु’ : आग, पाणी. शेवटी पायाखालची जमीन. पंचमहाभूतं! मूळ अक्षरं ख, ह, र, व, अ. मी ती वहीत देवनागरीत लिहून दाखवली आणि मोठ्याने म्हटली. त्यांनी वही हातात घेतली, चष्मा वर केला आणि माझ्यामागून सावकाश म्हटलं, ‘ख... ह... र... व... अ.’