नीतीच्या तासाला सगळेच हरिश्चंद्र, मग शिकवायचं काय?

सरावपट्टी: क्लबचे प्रशिक्षक आणि विक्री विभागातले मॅनेजर, अशी २४ जणांची तुकडी. वेळ ९० मिनिटं. केस, म्हणजे नैतिक पेचाचा एखादा प्रसंग, वाचून झाली की सगळे हरिश्चंद्र होतात, दहा मिनिटांत चर्चा संपते. दबावाखाली निर्णय घेणं शिकवायचं तर तास कसा आखावा?

ताळेबंद: गाजलेली केस घेऊ नका. २०१८ चं केपटाऊनचं सँडपेपर, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेटपटूंचं चेंडू घासण्याचं प्रकरण, काढलंत तर 'चेंडू घासू' असं कोण म्हणेल? २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमधलं महिला दुहेरी बॅडमिंटन घ्या, तेही नाव-गाव न सांगता: 'तुमची जोडी बाद फेरीत पोचलीच आहे. गटातला शेवटचा सामना जिंकलात तर पुढे नको त्या जोडीशी गाठ. काय कराल?' दोन मिनिटांत प्रत्येकाने निर्णय आणि एक कारण चिठ्ठीवर लिहायचं. चिठ्ठ्या गोळा होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. नाहीतर वरिष्ठ आधी बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात. चिठ्ठ्या वाचल्यावरच सांगा: मुद्दाम हरू पाहणाऱ्या चार जोड्या स्पर्धेतून बाद केल्या गेल्या.

थर्डअंपायर: चिठ्ठीवर लिहिणं सोपं, साहेबासमोर तोंड उघडणं अवघड. शेवटची ३० मिनिटं तालमीला ठेवा. तिघांचे गट: साहेब, हाताखालचा, निरीक्षक. महिन्याची ३१ तारीख, साहेब म्हणतो, 'पुढच्या महिन्याची ऑर्डर आजच बिलात घे, माल नंतर पाठवू.' 'हे अनैतिक आहे' म्हटलं की साहेब चिडतो, विषय तिथेच बंद. 'ऑडिटला डिलिव्हरी चलन, म्हणजे माल पाठवल्याचा कागद, मागितला तर काय दाखवू?' याला त्याला उत्तर द्यावं लागतं. साहेबाने तीनदा रेटायचं: 'सगळेच करतात', 'एवढ्या वेळी', 'तुझ्यावर भरवसा होता'. तिसरं वाक्य सगळ्यात जड. कुठल्या वाक्याला समोरच्याचा सूर बदलला, ते निरीक्षकाने शब्दशः टिपायचं. आठ मिनिटांनी भूमिका बदला.

सरावपट्टी: साहेबाची भूमिका खऱ्या साहेबाला द्यावी का?

थर्डअंपायर: मुळीच नको. त्याच्याच माणसांसमोर तालीम लुटुपुटूची होते. प्रशिक्षकाला मॅनेजरसमोर बसवा.

कडूगोळी: सगळं खरं, पण सारखं माणसालाच काय तासायचं? त्या स्पर्धेची रचनाच अशी होती की हरण्यात फायदा दिसावा. म्हणून पुढे गटात दुसऱ्या आलेल्या जोड्यांसाठी पुढे कोण कुणाशी खेळणार याचा नव्याने ड्रॉ काढायची पद्धत आणली. इन्सेंटिव्ह नुसत्या बिलाच्या आकड्यावर असेल तर ३१ तारखेला तेच होणार. दहा मिनिटं राखून प्रत्येक गटाकडून एकच लिहून घ्या: कुठला नियम बदलला तर हा प्रसंगच येणार नाही? 'माल पोचल्यावरच विक्री धरावी' इतकं नेमकं हवं. 'जागरूकता वाढवावी' लिहिलं तर कागद परत द्या.