मदत हवी आहे: क्रूर कोष्ठ म्हणजे नेमकं काय आणि त्यात काय मानवतं?

नमस्कार मंडळी. वर्षभर मलावरोधाने पिडलोय. दोन-तीन दिवसांतून एकदा, तेही खडा. डॉक्टरांनी रक्त, थायरॉइड तपासून घेतलं, सगळं ठीक. वजन घटलेलं नाही, रक्तही पडत नाही. म्हणून आता आयुर्वेदाच्या अंगाने समजून घ्यायचंय.

वैद्यांनी नाडी पाहून 'क्रूर कोष्ठ, अपान वायू (मल-मूत्र खाली ढकलणारा वात) बिघडलाय' एवढंच सांगितलं. पुढे गर्दी होती, विचारायचं राहिलं. घरी येऊन वाचलं, तर चरकसंहितेत (आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात) न धरून ठेवायचे तेरा वेग, म्हणजे शरीराच्या नैसर्गिक हाजती, सांगितलेत आणि त्यात मलवेग आहे. तो अडवला की डोकं दुखतं, पोट फुगतं, पोटऱ्यांत गोळे येतात. वाचून चपापलोच! माझी शिफ्ट सकाळी सहाची, वेग नेमका बसमध्ये येतो आणि मी तो रोज दाबतो. पोटऱ्यांतल्या गोळ्यांवर मी आजवर कॅल्शियम खात होतो.

आता गोंधळ असा. इसबगोल घेतलं तर पोट दगडासारखं (पाणी कमी प्यायलो, हेही खरं). सोनामुखीच्या चूर्णाने काम होतं, पण मुरडा येतो आणि सवय लागायची भीती वाटते. वात रुक्ष असतो, मग कोरड्या चोथ्याऐवजी कोमट पाण्यातून तूप बरं का? त्रिफळा रोज किती दिवस चालते? बस्ती (औषधी तेलाचा किंवा काढ्याचा एनिमा) कुणी घेतली आहे का? आणि दाबून दाबून गेलेला वेग वेळेवर परत आणता येतो का? कुणाला जमलं असेल तर नक्की सांगा.