मारक टी पेशींचा लगाम एकाच हाती नसतो

मारक टी पेशी, म्हणजे संसर्ग झालेल्या किंवा कर्करोगाच्या पेशी मारणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी. त्यांना नियामक टी पेशी, म्हणजे प्रतिकाराला लगाम घालणाऱ्या पेशी आवरतात, असे सांगितले जाते. ते चूक नसले तरी अपुरे आहे. शरीराच्या स्वतःच्या प्रथिनांना घट्ट चिकटणाऱ्या बऱ्याच टी पेशी, त्या जिथे परिपक्व होतात त्या छातीतील थायमस ग्रंथीतच नष्ट होतात. जी पेशी तिथून निसटते, तिलाही प्रतिजन (म्हणजे तिचे लक्ष्य असलेला प्रथिनाचा तुकडा) ओळखल्यावर सीडी-२८ या तिच्या पृष्ठभागावरील ग्राहीमार्फत (संकेत पकडणाऱ्या प्रथिनामार्फत) दुसरा संकेत मिळावा लागतो, आणि तो न मिळाल्यास ती सहसा निष्क्रिय होते. मला सर्वांत विलक्षण वाटतो तो यापुढचा भाग: सक्रिय झालेली पेशी आपल्याच पृष्ठभागावर पीडी-१ हा ब्रेक बसवून घेते, आणि समोरच्या पेशीवर पीडी-एल१ हे प्रथिन असले की तो दाबला जातो. कर्करोगाच्या अनेक गाठी नेमकी हीच पळवाट वापरतात. पीडी-१ शोधणारे तासुकु होंजो आणि सीटीएलए-४ या दुसऱ्या ब्रेकवर काम करणारे जेम्स ॲलिसन यांना २०१८ चे नोबेल मिळाले, ते हे ब्रेक सोडवून कर्करोगावर उपचार करता येतात या शोधासाठीच. नियामक पेशींचे काम वेगळ्या पातळीवर चालते. त्या इंटरल्युकिन-२ हे टी पेशींच्या वाढीला लागणारे संदेशवाहक प्रथिन शोषून घेतात, त्यामुळे मारक पेशींच्या वाढीलाच खीळ बसते. ब्रेक सोडवणारी औषधे घेणाऱ्या काही रुग्णांत आतडे, त्वचा किंवा थायरॉईड यांवर स्वतःच्याच टी पेशी हल्ला करतात, तो याच व्यवस्थेचा उलटा पुरावा.