वाड्यावरचे उपक्रम: बाप, पोरं, आजीआजोबा... तुमच्याकडे काय खरंच चालतं?

फोंडेकरीण
आमच्या वाड्यावर, म्हणजे आम्हां गोंयकारांच्या वस्तीत, देवळाच्या सभागृहात ज्येष्ठांचा गट सुरू झाला तेव्हा बाबांना तीनदा विचारलं. तीनदा तेच उत्तर, "थंय वचून हांव किदें करूं?" (तिथे जाऊन मी काय करू?) योगासनं, बीपी तपासणी, वाढदिवसाचा केक, कशातच रस नाही. मग गटातल्या एका काकी सहज घरी आल्या नि म्हणाल्या वर्गणीचा हिशेब काही जुळत नाहीये हो, तुम्ही बँकेत होता ना, जरा बघाल का. दुसऱ्या दिवशी साडेनऊला बाबा इस्त्रीचा शर्ट घालून तयार! सतरा रुपयांची चूक सापडली, ती अजून सांगतात सगळ्यांना. तर तुमच्याकडचं लिहा, सरकारी, देवळाचं, चर्चचं, क्लबाचं, कुणाचंही.

शिपवरचा, वास्को
सात महिने शिपवर, दोन-अडीच महिने घरी, असं अकरा वर्षं चाललंय. पोरगा चार वर्षांचा असताना घरी आलो तर मलाच मोबाईल दाखवून म्हणतो, पप्पा यात असतो. हसलो तेव्हा, पण रात्री झोप नाही लागली. त्याच्या शाळेत एका बाईंनी शनिवारी बाबालोकांना बोलवायचं सुरू केलं होतं, भाषण नाही, येतं ते करून दाखवायचं. मी डेकवरचा माणूस, मला गाठी येतात. सुतळीचं बंडल घेऊन गेलो नि बोलाईन नावाची फासाची गाठ शिकवली, पहिल्यांदा नऊ वेळा चुकली पोरं, मग अशी जमली की अख्ख्या वर्गाच्या खुर्च्या एकमेकींना बांधून ठेवल्या, सोडवायला बाईंना पाऊण तास लागला. 😀 आता पोरगा शू-लेसचीसुद्धा बोलाईन करतो. वाईट एवढंच की पुढच्या सुट्टीत आलो तर बाईंची बदली झालेली आणि शनिवार बंद. एका माणसाच्या हौसेवर चाललेलं होतं ते सगळं.

स्पष्टवक्ता
आमच्याकडे युवा मेळावा झाला. बॅनर वीस फुटी, युवा अकरा, त्यातले चार साऊंडवाले.

निवृत्त नर्स, मडगाव
मी आठवड्यातून दोन सकाळी फॉर्म भरून देते, बाकी काही नाही, आणि खरं सांगू का, म्हाताऱ्या माणसांना सगळ्यात जास्त हेच लागतं. गोवा सरकारच्या दयानंद योजनेचे, म्हणजे ज्येष्ठांच्या पेन्शनचे, महिन्याला 2000 रुपये मिळतात पण दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो राहिला की पैसे थांबतात आणि त्यांना वाटतं सरकारने नाव काढलं. एक आजी आल्या, जन्म काजूच्या फॅक्टरीत गेलेला, चिकाने बोटं अशी खाल्लीत की रेघच उरली नाही, आधारच्या मशीनवर अंगठा उमटेना. साबणाने धुतला, पुसला, पुन्हा दाबला, काही नाही. माणूस म्हणतो उद्या या. मी म्हटलं अरे बाबा डोळे आहेत ना त्यांना, डोळ्यांवर घे! घेतलं आणि झालं. आजींनी जाताना मला पिशवीतून चार आंबट बिंबलं काढून दिली. तेवढा 14567 लिहून घ्या सगळ्यांनी, एल्डरलाईन, ज्येष्ठांची हेल्पलाईन, सकाळी 8 ते रात्री 8, फुकट.

सूनबाई, पणजी
सासूबाईंना विसरण्याचा आजार आहे. मला उपक्रम नको, सल्ले तर नकोच, कुणीतरी दोन तास त्यांच्याजवळ बसा. शेजारची कॉलेजची मुलगी बुधवारी बसते, त्या तिला दर वेळी नव्याने नाव विचारतात नि ती दर वेळी नव्याने सांगते. मी त्या दोन तासांत बाजारात जाते असं सांगते, खरं तर मांडवीच्या काठी नुसती बसून असते.

डिचोलीचा
आमची पोरं फुटबॉलवाली. भात कापलं की शेतात गोलपोस्ट उभे राहतात, पण पाऊस लागला की ग्राऊंडच नाही, मग बारच्या पायरीवर बसून मोबाईलवर पैसे लावायचे. दोन पोरांनी तर बाईक गहाण टाकली होती. क्लबाच्या सेक्रेटरीने चवथीआधी (गणपतीआधी) त्यांना एका आजोबांबरोबर डोंगरावर धाडलं, माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगतात त्या रानफळांच्या चौकटीचं, सामान आणायला, क्लबातर्फे माटोळीच्या स्पर्धेत उतरायचं म्हणून. पोरं गेली कारण जीप मिळणार होती, उगाच मोठेपणा नको द्यायला. आजोबांचे गुडघे गेलेले, ते खाली दगडावर बसून ओरडणार, "तें न्हय रे, ताचे वयलें!" (ते नव्हे रे, त्याच्या वरचं!) आणि पोरं वर झाडावर. कांगलां, माट्टी, नागलकुडो, लालबुंद कवंडाळ, सगळी रानफळं, पहिल्या दिवशी एकालाही नावं येईनात. बक्षीस काही मिळालं नाही. पैसे लावायचं सगळ्यांचं सुटलं असंही नाही, एकाचं चालूच आहे. पण गेल्या आठवड्यात कुणीतरी ग्रुपवर कसल्यातरी फळाचा फोटो टाकून खाली कवंडाळ लिहिलं, तर आजोबांचा पावणेतीन मिनिटांचा व्हॉइस मेसेज आला, त्यात अर्ध्या शिव्या.