हायड्रंट उघडून रस्त्यावर एवढं पाणी का सोडतात? आणि नंतर नळाला तांबूस पाणी का येतं?

गढूळनळ

मंडळी एक शंका आहे, कोणी पाणीपुरवठ्यात काम केलेलं असेल तर जरा नीट सांगा. आमच्याकडे पाणीखात्याची नोटीस आली की या आठवड्यात मेन लाईनचं फ्लशिंग आहे, पाण्याचा रंग बदलू शकतो, घाबरू नका. आणि खरंच रात्री दोन माणसं येऊन हायड्रंट (आग विझवायला रस्त्यावर बसवलेला मोठा नळ) उघडून बसली, पाणी धो धो रस्त्यावरून गटारात. आधी चहासारखं होतं मग हळूहळू स्वच्छ झालं. सकाळी आमच्या नळाला तांबूस पाणी. म्हणजे आधी चांगलं येत होतं ते यांनी येऊन घाण केलं असंच वाटतंय ना? शुद्ध केलेलं पाणी जातं तर मग लाईनमध्ये घाण येते कुठून? हे दरवर्षी करायची खरंच गरज असते का? आणि ते तांबूस पाणी पोटात गेलं तर काही होतं का, घरात लहान मूल आहे म्हणून जास्त काळजी वाटतेय.

जुना_फिटर

मी वितरणातच होतो, बरीच वर्षं व्हॉल्व्हच्या चेंबरमध्ये उतरण्यात गेली, त्यामुळे सांगू शकतो.

शुद्धीकरण केंद्रातून पाणी स्वच्छच निघतं, पण अगदी बारीक कण थोडे राहतातच, शिवाय पाण्यात विरघळलेलं लोह आणि मँगनीज असतं ते वाटेत क्लोरीनमुळे घट्ट होऊन खाली बसतं, आणि लाईन जुन्या बिडाची असेल, आतून सिमेंटचं अस्तर नसेल तर पाईप स्वतःच गंजत राहतो, आतून गाठी येतात. पाईप शहराच्या भविष्यातल्या मागणीसाठी आणि आगीच्या वेळी लागणाऱ्या पाण्यासाठी मोठा टाकलेला असतो, रोजच्या वापराला त्यातून पाणी अगदी संथ वाहतं. संथ पाण्यात गाळ बसणारच. गल्लीच्या टोकाला जिथे लाईन संपते, ज्याला आम्ही डेड एंड म्हणतो, तिथे तर पाणी दिवसेंदिवस पडून राहतं, क्लोरीन उडून जातं आणि पाईपच्या भिंतीवर बुळबुळीत थर धरतो.

हा गाळ रोज दिसत नाही कारण तो खाली शांत पडलेला असतो. पण कुठे आग लागली, लाईन फुटली, एखादा मोठा पंप अचानक चालू झाला की वेग वाढतो आणि सगळा एकदम उठतो, तोही नोटीस न देता. फ्लशिंग म्हणजे तोच गाळ आपण ठरवून, रात्री, कमी लोकांना त्रास होईल अशा वेळी बाहेर काढतो. तुमच्या नळाला आलेलं तांबूस पाणी त्या रात्री तयार नाही झालं, ते आधीपासून तुमच्या रस्त्याखाली होतंच.

पण आता महत्त्वाचं. नुसता हायड्रंट उघडला म्हणजे फ्लशिंग झालं असं नाही. सैल गाळ हलायला पाण्याला सेकंदाला साधारण पाऊण मीटर वेग लागतो, आणि भिंतीवरचा थर खरवडून निघायला दीड मीटरच्या आसपास. शहराची लाईन जाळ्यासारखी जोडलेली असते, हायड्रंट उघडला की पाणी दोन्हीतिन्ही बाजूंनी येतं, म्हणजे प्रत्येक बाजूला वेग वाटला जातो, कुठेच पुरेसा होत नाही. मग पाणी भरपूर जातं आणि गाळ फक्त या गल्लीतून उठून त्या गल्लीत जाऊन बसतो. म्हणून बरोबर पद्धत अशी की आजूबाजूचे व्हॉल्व्ह बंद करून एकाच दिशेने पाणी ओढायचं, सुरुवात टाकीकडून करायची आणि मोठ्या लाईनकडून छोट्याकडे जायचं, म्हणजे स्वच्छ झालेल्या पाईपमधूनच पुढच्या पाईपला पाणी मिळतं. उलट केलं तर धुतलेली लाईन परत घाण होते. मला या कामात सगळ्यात जास्त तळमळ याचीच वाटते, कारण क्रम चुकवून केलेलं फ्लशिंग बघून लोक म्हणतात फ्लशिंगच फालतू आहे.

तळ्यात_मळ्यात

दादा सगळं मान्य, पण पाणी किती जातं हो! आम्हाला सांगायचं नळ बंद ठेवा आणि इथे तासभर रस्त्यावर ओतायचं. टँकरमध्ये भरून झाडांना का नाही देत? किंवा हळूहळू सोडा ना, म्हणजे भरता तरी येईल.

जुना_फिटर

तुमचा राग अगदी बरोबर आहे, म्हणून आकड्यात सांगतो. १५० मिमीची लाईन धरा. तिच्यात सेकंदाला दीड मीटर वेग आणायचा तर सेकंदाला साधारण २६ लिटर, म्हणजे मिनिटाला १६०० लिटरच्या आसपास पाणी सोडावं लागतं. ३०० मीटर लांबीच्या तुकड्यात मुळात पाणी मावतं सव्वापाच हजार लिटर. ते सगळं तीनदा बदलायचं म्हटलं तरी १० मिनिटांत काम होतं, १६००० लिटर गेलं. म्हणजे एकाच तुकड्याला तासभर पाणी चाललं असेल तर बहुतेक व्हॉल्व्ह न लावता नुसता हायड्रंट उघडून ठेवलाय, वेग मिळालाच नाही म्हणून पाणी लवकर साफ होत नाही. किंवा सलग तीनचार तुकडे एकाच हायड्रंटवरून धुतले असतील, ते लांबून कळत नाही.

हळू सोडलं तर गाळ हलतच नाही, सगळं पाणी मात्र खरंच वाया जातं. टँकर भरता येतो, काही ठिकाणी भरतातही, पण मिनिटाला १६०० लिटर आलं की टँकर बघता बघता भरतो आणि दुसरा लावेपर्यंत हायड्रंट बंद करावा लागतो. तो घाईने बंद केला तर वॉटर हॅमर. वाहतं पाणी एकदम अडवलं की दाबाची लाट मागे जाते, लोखंडी लाईनमध्ये दीड मीटर वेगाचं पाणी झटक्यात थांबवलं तर दाब साधारण १५ बारने, म्हणजे हवेच्या दाबाच्या पंधरापट, चढतो. जुना सांधा तिथेच सुटतो. म्हणून उघडतानाही हळू, बंद करतानाही हळू.

पाणी वाचवायचं असेल तर दुसरे मार्ग आहेत. ट्रकवर पंप आणि फिल्टर बसवून दोन हायड्रंटमध्ये पाणी गोल फिरवतात, गाळ फिल्टरमध्ये अडकतो आणि तेच पाणी परत लाईनमध्ये. बर्फाच्या लगद्याचा बोळा लाईनमधून ढकलायची पद्धतही आहे, ती इंग्लंडच्या ब्रिस्टल विद्यापीठात निघाली, लगदा वळणातून सहज जातो आणि अडकला तर वितळून जातो. खर्च अर्थातच जास्त.

रसायनवाली

फिटरदादांनी यांत्रिक बाजू छान सांगितली, मी पाण्याच्या केमिस्ट्रीबद्दल लिहिते कारण ती राहिली तर फ्लशिंग म्हणजे नुसती मलमपट्टी होते.

पाईपच्या आत गंजाचा जो थर असतो तो त्या शहराच्या पाण्याशी वर्षानुवर्षं जुळवून बसलेला असतो. पाण्याचा स्रोत बदलला, पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते), क्षारता, क्लोराईड बदललं की तो थर सुटायला लागतो. अमेरिकेत ॲरिझोनातल्या टूसॉन शहराने १९९२ मध्ये भूजल सोडून कोलोरॅडो नदीचं पाणी द्यायला सुरुवात केली, जुन्या लोखंडी लाईनींमधून इतकं तांबडं पाणी आलं की १९९४ मध्ये ते थांबवावं लागलं. तिथे नुसतं फ्लशिंग करून भागलं असतं का? नाही, कारण गंज रोज नव्याने सुटत होता. त्यामुळे तुमच्याकडे फ्लशिंगनंतर दोन दिवसांत पाणी साफ झालं आणि तसंच राहिलं तर ठीक, पण दर पंधरा दिवसांनी परत तांबूस येत असेल तर प्रश्न हायड्रंटचा नाही, पाईपचा किंवा पाण्याच्या केमिस्ट्रीचा आहे आणि तेच खात्याला विचारायला हवं.

पोटात गेलं तर काय याचं उत्तर. तांबूस रंग बहुतेक वेळा लोहाचा असतो, लिटरला ०.३ मिलिग्रॅमच्या वर गेलं की कपड्यांना डाग पडायला लागतात, पण तेवढ्या लोहाने तब्येतीला सहसा काही होत नाही. काळपट असेल तर मँगनीज, आणि त्याबाबत जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मर्यादा बरीच खाली आणली, लिटरला ०.०८ मिलिग्रॅम, आणि त्यात बाटलीने दूध पिणाऱ्या बाळांचा विचार मुख्य होता. शिवाय गंजाच्या कणांना शिसं, आर्सेनिकसारखे धातू चिकटून येऊ शकतात. म्हणून रंग असेपर्यंत ते पाणी पिऊ नका, बाळाच्या दुधाला तर अजिबात नको. आणि उकळून धातू जात नाहीत हे लक्षात ठेवा, उकळणं जंतूंसाठी.

एक अजून, हे कोणी बोलत नाही म्हणून लिहिते. हे पाणी पावसाळी गटारातून ओढ्यात गेलं तर त्यातला क्लोरीन माशांना मारतो. गोड्या पाण्यातल्या जीवांसाठी अमेरिकेची मर्यादा लिटरला ०.०१९ मिलिग्रॅम आहे आणि नळाच्या पाण्यात तो निदान ०.२ असावा लागतो, म्हणजे दहापट. चांगली टीम हायड्रंटच्या तोंडाशी सोडियम सल्फाईटच्या गोळ्या किंवा व्हिटॅमिन सी लावून क्लोरीन मारते. तुमच्याकडे असं काही लावलं होतं का बघितलंत?

गढूळनळ

बापरे एवढं सगळं असतं माहीतच नव्हतं. गोळ्या वगैरे काही दिसल्या नाहीत, पुढच्या वेळी नक्की बघतो. व्हॉल्व्ह मात्र त्यांनी एक लावला होता, लांब दांड्याच्या चावीने फिरवत होते आणि एकजण मोजत होता. आता घरात नेमकं काय करू ते सांगा, बायकोने पांढरे कपडे धुवायला टाकलेत आणि त्यावर डाग आलेत.

जुना_फिटर

मोजत होता म्हणजे माणसं कामाची आहेत. प्रत्येक व्हॉल्व्ह बंद व्हायला किती फेरे लागतात त्याची नोंद असते, तेवढे फेरे झाले नाहीत तर व्हॉल्व्ह मध्येच अडकलाय, आणि परत उघडताना तेवढेच फेरे आले पाहिजेत नाहीतर तो अर्धवट बंद राहतो आणि वरच्या भागात दाब का कमी याचा शोध पुढे कित्येक महिने चालतो. फ्लशिंगचा अर्धा फायदा तर हाच, सगळे व्हॉल्व्ह हलतात. वर्षानुवर्षं न फिरवलेला व्हॉल्व्ह लाईन फुटते त्या दिवशी फिरत नाही, मग एका गल्लीसाठी अख्ख्या भागाचं पाणी बंद करावं लागतं.

घरचा_प्लंबर

कपडे वाळवू नका! ओलेच ठेवा आणि ब्लीच तर चुकूनही नको, क्लोरीनच्या ब्लीचने लोहाचा डाग उलट पक्का होतो. रंग जाईपर्यंत स्वच्छ पाण्याची वाट बघा, मग सायट्रिक ॲसिड किंवा गंजाच्या डागाचं मिळतं ते औषध लावून परत धुवा, बहुतेक निघतो.

नळाचं म्हणाल तर फक्त गार पाण्याचा नळ सोडा, जो मेन लाईनला सगळ्यात जवळचा आणि खालचा असेल तो, नळाच्या तोंडाची जाळी काढून. गरम नळ सोडू नका, तो गाळ हीटरमध्ये जाऊन बसतो आणि महिनोन् महिने त्रास देतो. घरातला फिल्टरही तोपर्यंत बायपास करा, नाहीतर कार्ट्रिज एका दिवसात चोंदतं. वरची टाकी असेल तर तिचा इनलेट बंद ठेवा, टाकीत एकदा गाळ गेला की खात्याने कितीही लाईन धुतली तरी तुमच्या घरात तांबूसच येणार.

आणि दोन दिवसांनी साफ नाही झालं तर तक्रार करताना नुसतं घाण पाणी येतं असं लिहू नका. रंग कोणता, फक्त गरम नळाला की गारलाही, सकाळच्या पहिल्या पाण्यालाच की दिवसभर, शेजाऱ्यांकडेही आहे का. फक्त गरम नळाला असेल तर तुमचा हीटर, फक्त सकाळी पहिला मिनिटभर असेल तर बहुतेक घरातला जुना जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाईप, अख्ख्या गल्लीला असेल तर मेन लाईन. पांढरट दुधासारखं दिसलं आणि ग्लासात खालून वर साफ होत गेलं तर ती नुसती हवा आहे, लाईन बंद करून चालू केली की येतेच.

गढूळनळ

कपडे अजून बादलीत ओलेच आहेत, वाचलो. शेजारी दोन घरी विचारलं, त्यांच्याकडेही तांबूस आहे पण सकाळपेक्षा फिकं झालंय. टाकीचा इनलेट आत्ता बंद केला. उद्या संध्याकाळपर्यंत बघतो आणि इथे कळवतो, तोवर बाळाला बाटलीबंद पाणी.