हान घराण्याचा संस्थापक, की आयत्या बिळावरचा नागोबा?

पारावरचा:
चीनमधले बहुसंख्य लोक आजही स्वतःला 'हान' म्हणवतात. जपानी 'कांजी', कोरियन 'हांजा', दोन्हींचा अर्थ हानांची अक्षरं. या घराण्याचा पहिला सम्राट लिऊ बांग, इ.स.पू. २०२. मूळचा पेई भागातला फुटकळ अंमलदार. कैदी घेऊन जाताना काही पळाले, तेव्हा उरलेले यानंच सोडून दिले आणि स्वतःही फरार झाला! माझं मत: पूर्व आशियाला राज्य चालवायला त्यानं शिकवलं, आधीच्या छिन घराण्याच्या पहिल्या सम्राटानं नाही. छिन साम्राज्य १५ वर्षांत कोसळलं. हान घराणं मध्ये एकदा खंड पडूनही चारेकशे वर्षं टिकलं.

खडूसकाका:
'सम्राट' ही पदवी, जिल्हेवार कारभार, सगळीकडे एक लिपी, सगळं छिनचं. राजधानी शियानयांग हाती आल्यावर बाकी सरदार सोनंनाणं हुडकत होते, तेव्हा लिऊचा कारभारी श्याओ ह छिनचं दप्तर ताब्यात घेत होता. कुठे किती घरं, कुठली मोक्याची जागा, सगळं त्यात. चीनमधल्या झांगज्याशान इथल्या जुन्या थडग्यात बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेले हान कायदे सापडलेत. छिनच्या कायद्यांशेजारी ठेवून वाचा, मग बोलू.

पारावरचा:
काका, दप्तर उचलायचं सुचलं हेच तर शहाणपण. त्याचा प्रतिस्पर्धी शियांग यू, त्यानं तीच राजधानी जाळली. लिऊनं मात्र लोकांना तीनच कलमं सांगितली: खुनाला मृत्युदंड, इजा आणि चोरीला गुन्ह्याप्रमाणे शिक्षा. बाकी छिनचे कायदे रद्द.

खडूसकाका:
रद्द? तीन कलमांवर भागेना, म्हणून त्याच श्याओ हनं छिनचेच कायदे वेचून नऊ प्रकरणं केली. ते बरं गाळलंत.

जाईजुई:
तुम्ही दोघं कायद्यातच अडकलात. हा लिऊ पंडितांच्या टोप्या काढून त्यात मुतायचा. लू ज्या नावाच्या पंडितानं त्याला तोंडावर विचारलं, घोड्यावर बसून राज्य मिळवलंत, घोड्यावर बसून चालवणार का? लिऊला ते झोंबलं, पण त्यालाच लिहायला बसवलं. दरबारात सरदार दारू पिऊन खांबांवर तलवारी मारायचे, तेव्हा शूसुन थोंग या पंडितानं शिष्टाचार बसवून दिला. शेवटी इ.स.पू. १९५ मध्ये तोच लिऊ कन्फ्यूशियसला बळी अर्पण करून आला. छिनच्या सम्राटानं ग्रंथ जाळले होते. फरक इथे आहे.

खडूसकाका:
वा. आता तो शूसुन थोंग आधी कुणाच्या दरबारी पंडित होता, तेही सांगून टाका की. छिनच्याच!