मदत हवी आहे : सागवानी फ्लोअरिंग खिळ्यांनी ठोकायचं की चिकटवायचं?

नमस्कार मंडळी, नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ राहतो, ग्राउंड फ्लोअर. हॉलमध्ये सॉलिड सागवानाचं फ्लोअरिंग करायचंय, पट्ट्या १८ मिमी जाडीच्या, टंग अँड ग्रूव्हवाल्या (एका कडेला जीभ, दुसऱ्या कडेला खाच, एकमेकींत बसतात), घरात आणून आडव्या रचून ठेवल्यात, म्हणजे इथल्या हवेला सरावतील.

आता घोळ असा की मिस्त्री म्हणतो खाली १२ मिमी प्लाय मारू आणि पट्टीच्या जिभेतून ४५ अंशात खिळा ठोकू, म्हणजे वरून डोकं दिसत नाही. ऐकायला भारी, पण प्लाय अधिक पट्टी म्हणजे ३० मिमी उंची वाढते आणि हॉलचे दरवाजे खालून तासावे लागणार, त्यावर घरात आधीच तोंडं वाकडी झालीत. दुसरा पर्याय थेट कोब्यावर पीयू (पॉलियुरेथेन) ग्लू खाचांच्या थापीने पसरून चिकटवायचा, पण जमिनीतून ओल आली तर? आपल्याकडे उन्हाळ्यात लाकूड आकसतं नि पावसाळ्यात फुगतं, म्हणून भिंतीकडेने १०-१२ मिमी गॅप सोडून वर स्कर्टिंग मारणारच आहे.

खाली फोम टाकून नुसतं तरंगतं, म्हणजे न ठोकता न चिकटवता, बसवा असंही एकाने सुचवलं, ते लॅमिनेटला ठीक, सॉलिडला मला पटत नाही.

कोणी नाशकात ग्राउंड फ्लोअरला चिकटवून केलंय का? दोन-तीन पावसाळ्यांनंतर पट्ट्या कडेने उचलल्या का? आणि कोब्याची ओल मीटरने मोजून देणारं कोणी माहीत असेल तर प्लीज सांगा.